मचानावरचं अमडापूर

"तुनं अमडापूरच म्हटलं! माहेराबिगर दुसरं गाव कधी आलं का तुया तोंडात? बोल न वो!"

सत्यभामाबाई अंगणात उभी राहून इतक्या जोरानं ओरडली का शेजारची कोंबडी कुंपणावरून खाली उडाली. तिची सून मयुरी वसरीत कवडीचा कापूस निवडत बसली होती. अळीनं खाल्लेलं बोंड फोडाचं, पांढरा धागा एकीकडं, पिवळा एकीकडं. हात चालू होते, तोंड बंद होतं. त्या बंद तोंडाचाच बुढीले जास्त राग येऊन राह्यला होता.

"मले आठोत नाही, आत्याबाई," ती शेवटी म्हणाली.

"आठोत नाही म्हणते! माया लेक गेला, अन् हिले आठोत नाही!"

तेवढ्यात धम्मरत्न गाडी घेऊन अंगणात आला. गेलेल्या सुगतचा हा लहाना भाऊ, मयुरीचा देवर. दहावीत गणिताच्या मास्तरासंगं वाजलं, तवा दप्तर वर्गातच ठिवून घरी आला, तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. दप्तर आणालेबी नाही. राग असा का गाडी चालू नाही झाली तर गाडीले लाथ, अन् लाथ लागली का पायाले शिव्या. पण नजर लय तेज. रस्त्यानं जाता जाता कोणाच्या वावरात कुठून डुक्कर घुसलं, हे त्याले गाडीवरून दिसे.

"शुक्कीरवारी हिचा भाऊ येते," बुढीनं त्याले पाहून आवाज आणखी चढवला. "घेऊन जाईन हिले अमडापूरले. लय आवडते न ते गाव, तं राह्य म्हणा तथीच. संघी मात्र इथं राहीन. ते सुगतची निशाणी हाय."

संघी म्हंजे संघमित्रा, मयुरीची पोरगी. अजून नीट बोलत नव्हती. मयुरीचा हात तवा पहिल्यांदा थांबला. तिनं फक्त हातातलं सडकं बोंड मुठीत दाबलं, अन् त्यातून गुलाबी अळीचं पाणी तिच्या बोटावर आलं.

"माय, पोरगी काय शेळीचं पिल्लू हाय का, ठिवून घ्याले?" धम्मा खेकसला. मंग मयुरीकडं वळला. "अन् वयनी, तूबी! एकदा हो म्हण नाही तं नाही म्हण न! हे काय लावलं, आठोत नाही, आठोत नाही! डोकस्कं फिरून जाते माणसाचं!"

"खोटं सांगू का भाऊजी?" मयुरी हळूच म्हणाली. "मी रोज तोच फोन करतो मनात. समदं आयकू येते. 'हॅलो' आयकू येते, 'मालकाले फवाऱ्याची बाधा झाली' आयकू येते. गावाचं नाव येते तथी कट होते. मी नाव घेतलं का नाही, अन् घेतलं तं कोणतं घेतलं, ते मलेच समजत नाही."

धम्मानं बादलीले लाथ घातली, अन् न जेवताच गाडी फिरवली.

ते साल कापसाचं लय बेकार साल होतं. बीटी बियाण्याच्या पाकिटावर बोंडाचा असा फोटू का हाती घेऊन खावं वाटे. दुकानदार म्हणे, याले बोंडअळी लागतच नाही. कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली, लोकं खुश झाले. मंग कोणीतरी एक बोंड फोडलं अन् आत गुलाबी अळी निंघाली. मंग दुसरं फोडलं. मंग लोकायनं फोडाचंच सोडून देलं अन् फवारे सुरू केले. एका औषधात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पंप घेऊन शिरलं का फवारा अळीवर कमी अन् माणसाच्या तोंडावर जास्त.

सुगतनं तोंडाले दुपट्टा बांधला होता. पण वारं फिरलं. मयुरी धुऱ्यावर गवत कापत होती. पऱ्हाटीतून तो बाहेर आला तवा तिले वाटलं, पाणी प्याले आला. पण तो तिच्या अंगावरून पाहत होता, जसं काही ती तथी नाहीच. मंग गुडघ्यावर बसला. तोंडातून लाळ, अंगाले दरदरून घाम. तिनं त्याच्या खिशातला फोन काढला अन् मचानाकडं पळाली.

आता ते मचान. वावर खोलगट, नाल्याच्या काठानं. खाली उभं राह्यलं तं फोनमंधी रेंजची एखादी कांडी दिसे, तीबी आली का गेली. मचान बांधलं होतं रोही अन् डुक्करं हाकालाले, पण त्याच्यावर चढलं का कांड्याच कांड्या. आजूबाजूच्या वावरातले लोकंबी फोन कराले तथीच येत. त्याले सारे टावरच म्हणत. "कुठी चालला बे?" "टावरवर." सोयरिका जुळल्या त्या मचानावरून, मोडल्याबी तथूनच. एका बाप्पानं तं तथूनच सासऱ्याले अशा शिव्या देल्ल्या का खालून निंदणाऱ्या बायायनं इळे ठिवून टाळ्या वाजवल्या.

मयुरी त्याच मचानावर चढली अन् अँबुलन्सचा नंबर लावला. बोलता बोलता फोन कट झाला. खाली सुगत आडवा पडलेला दिसला, तशी ती फोन मचानावरच टाकून खाली उतरली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं तिचं मनगट धरलं. अन् तवा वरून फोन वाजाले लागला. अँबुलन्सवाले पुन्हा लावून राह्यले होते. तिले समजत होतं का उचलला पाह्यजे. पण मनगट सुटत नव्हतं. तिनं वढून पाह्यलं तशी त्याची पकड आणखी घट्ट झाली. वर फोन वाजत राह्यला, बंद झाला, पुन्हा वाजला.

गाडी आलीच नाही. ते गेली अमडापूरच्या फाट्यावर, पार दुसऱ्या अंगाले. शेवटी कोणाच्यातरी ऑटोत टाकून नेलं, पण जानेफळचा दवाखाना याच्या आंधीच सुगत गेला.

अन् मयुरीचं माहेर अमडापूर. मंग काय, साऱ्या गावानं दोन अन् दोन चार केले. बाई घाबरली, अन् घाबरली का बाईच्या तोंडात माहेरच येते. कोणी तिले इचारलंबी नाही. धम्मालेबी तसंच वाटे. तो बोलत नव्हता फक्त.

येवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण मयुरी कापूस येचाले गेली का सुगतचा फोन मचानाच्या बांबूले पन्नीत गुंडाळून टांगे. कोणाचा फोन येणार होता, देवाले माहीत. अन् दुपारच्या वक्ताले, साऱ्या वावरात चिटपाखरू नसे तवा, तो फोन वाजे. टुंग. एकदा धम्मा तथीच होता. त्यानं चढून पाह्यलं. मॅसेज होता, शेतकऱ्यायच्या कोण्या फुकट सेवेचा. "अमडापूर परिसरातील शेतकरी बंधूंनो, येत्या दोन दिवसांत फवारणी टाळा."

"पाह्यलं न भाऊजी?" खालून मयुरी म्हणाली. उन्हात उभी होती, पण आवाज असा का जसं काही हिरीतून येऊन राह्यला. "दर बारीले अमडापूर. घरी आणला का नाही म्हणत. इथंच म्हणते. मालकच मले सांगून राह्यले, का तुनं अमडापूर म्हटलं म्हणून."

धम्मानं फोन पुन्हा पन्नीत टाकला. "असं काही नसते, वयनी. आपल्यात भुताखेताले मानत नाही." पण उतरताना त्याचा पाय दोनदा चुकला.

तर त्या दिवशी बादलीले लाथ मारून तो निंघाला, तो सीदा जानेफळले, मुजम्मिलच्या दुकानावर. मुजम्मिलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, अन् त्यानं एका कंपनीचं काम धरलं होतं. काम असं का पिशवीत चार फोन ठिवाचे, चारी वेगळ्या कंपनीच्या सिमचे, अन् गाडीवर गावोगाव फिराचं. फोन आपोआप कॉल लावत, आपोआप कट करत, अन् कुठी कोणतं टावर पकडलं ते लिवून घेत. धम्माच्या टाकीवर एक मोठा मोबाईल लावलेला असे. त्याच्यावर नकाशा, अन् नकाशावर ठिपके. जानेफळ, हिवरा आश्रम, मधातले सारे खेडे त्यानं असेच पालथे घातले होते. लोकं इचारत, "काय बे, टावर बसून राह्यलं का आपल्या गावात?" तो म्हणे, "हाव, तुमच्याच घरावर."

"धम्म्या, तोंड काऊन असं, जळालेल्या चार्जरवानी?" मुजम्मिल मान वर न करताच म्हणाला.

"काही नाही."

"जेवला?"

"काही नाही म्हटलं न!"

"मंग भजे खा, अन् आज अमडापूरचा रस्ता मारून ये. तो बाकी हाय. कंपनीवाला डोकं खाऊन राह्यला."

धम्मानं भजं तोंडापाशी नेलं, ते तसंच थांबलं. अमडापूरचा रस्ता तो मुद्दाम टाळत होता. मुजम्मिललेबी माहीत होतं, म्हणून त्यानं आतापरेंत टोकलं नव्हतं.

"मुजम्मिलभाई, हे दोन ठिपके कायले असते? एक हिरवा, एक लाल. मी निस्ता फिरतो, पण समजलं नाही कधी."

"अरे, हिरवा खरा. तो आभाळातून येते, सॅटेलाईटवरून. तू जथी हायेस तथीच पडते. लाल टावरचा. टावरले वाटते का तू कुठी हायेस. दोन्ही जवळ जवळ पडले तं ठीक. लांब पडले तं तथी गडबड. तेच तं पाहाचं हाय कंपनीले. फोन हरवला, पोलिसाले जागा पाह्यजे, कोणत्या गावाले कोणता मॅसेज पाठवाचा, हे सारं त्या लालवरच चालते. साध्या फोनमंधी हिरवा असतेच कुठी?"

धम्मानं भजं खाल्लं, पिशवी उचलली अन् निंघाला.

अमडापूरपरेंत लाल अन् हिरवा जोडीनंच चालले, बैलजोडीवानी. कुठी थोडा मागंपुढं. फाट्यावर आला तवा बाभळीखाली चहाच्या टपरीजवळ एक अँबुलन्स उभी दिसली. डायवर बाहेर बाकड्यावर बसून चहा फुकून पेत होता. धम्मानं ब्रेक दाबला. त्यानं गाडी लावली. इचाराचं काही ठरवलं नव्हतं, पण तोंड त्याच्या आंधीच सुटलं.

"फवारा चढलेल्या माणसाले आणाले आलते न तुमी इथी? पोळ्याच्या मांगं? कोणती गाडी होती ते?"

डायवरनं वर पाह्यलं. वयानं पोक्त माणूस, दाढीत पांढरं. "मीच होतो, बेटा. वाहेद. तू कोण?"

"ज्याले न्याले आलते, त्याचा भाऊ."

वाहेदनं चहाचा गिलास खाली ठिवला. बाजूले सरकला. धम्मा बसला नाही.

"माया वयनीनं अमडापूर सांगतलं होतं न? खरं सांगा. तिनंच सांगतलं होतं न गाव?"

"कोणी काही सांगतलं नाही, बेटा. बाई बोलत होती अन् फोन कट झाला, असं आमाले हापिसातून कळवलं. पुन्हा लावला तं कोणी उचलला नाही. मंग त्यायनं फोनची जागा काढली अन् आमाले पाठवली. जागा इथली होती. बस, हेच बाभळीजवळ. मी आलो."

"गावाचं नाव नाही घेतलं तिनं?"

"नाव घेतलं असतं तं मी गावात नसतो गेलो का? इथी रानात काऊन उभा राहतो?"

धम्माचा इतक्या दिवसाचा राग आंगात तसाच होता, पण आता तो कोणावर काढाचा ते समजेना. मंग त्यानं तो समोरच्यावरच काढला.

"मंग कोणी दिसलं नाही तं वापस फिराचं न! पुन्हा फोन लावाचा न! माया भाऊ तथी..."

"आयक." वाहेदचा आवाज चढला नाही. "कोणी दिसलं नाही, असं कोण म्हटलं? माणूस दिसला मले. म्हणूनच तं थांबलो न मी इतका वेळ."

"कोणता माणूस?"

"इथी, सडकेच्या बाजूनं. पाठीवर फवाऱ्याचा पंप. तोंडाले दुपट्टा. हात दाखवून राह्यला होता, असा." वाहेदनं हात अर्धाच वर केला, जसा थकलेला माणूस करते. "मी गाडी लावली, स्ट्रेचर काढाले मागं गेलो, पुढं आलो तं नाही. मले वाटलं चक्कर येऊन पडला असन कुठी. पऱ्हाटीत शिरलो, हे सारं धुंडलं. गाडीतल्या डॉक्टरनबाईनंबी धुंडलं. तिले तो दिसलाच नव्हता, म्हणे. मी अल्ला की कसम खाऊन सांगतो, दिनदहाडे पाह्यला मी त्याले."

"असन कोणी शेतकरी. तवा सारेच फवारे मारत होते."

"असन," वाहेद म्हणाला. "मीबी तेच म्हणतो घरी." गिलासातला उरलेला चहा त्यानं मातीत ओतला. "पण आता इथी आलो का गाडी लावतोच मी थोडा वेळ. का लावतो, ते मलेबी नाही माहीत."

धम्मा गाडीजवळ आला. टाकीवरचा नकाशा पाह्यला. लाल अन् हिरवा, दोन्ही एकमेकावर. इथी काहीच गडबड नव्हती. मंग गडबड कुठी होती, ते मचानावरचा मॅसेज आठोला तसं त्याले तथीच समजलं, अन् समजल्या समजल्या त्यानं गाडी अशी काढली का टपरीवाला शिव्या देत मागं पळाला.

शुक्रवार उजाडला. मयुरीचं गाठोडं वसरीत बांधून ठिवलेलं होतं. भाऊ दुपारच्या गाडीनं येणार होता. बुढीनं संघीले काखेत घेतलं होतं, अन् पोरगी मयुरीकडं हात करून रडून राह्यली होती.

"माय, वावरात चाल," धम्मा म्हणाला. "वयनी, तूबी."

"कायले? माये पाय दुखते."

"चाल म्हटलं न! गाडीवर नेतो. तिचा भाऊ याच्या आंधी चाल. मंग तुले जे कराचं ते कर, मी एका शबूदानं बोलणार नाही."

एका शबूदानं बोलणार नाही हे तो पहिल्यांदाच म्हटला होता, म्हणून असन, पण बुढी निंघाली. मयुरी मागून पायी आली, संघीले घेऊन.

वावरात ऊन पडलं होतं. पऱ्हाटी लाल होऊन राह्यली होती, खाली पानायचा सडा. वारं नव्हतं तरी मचानाचा बांबू कुरकुरे. धम्मानं पिशवीतले चारी फोन काढून मचानाच्या बुडी ठिवले, अन् मोठा मोबाईल मायच्या हाती देला.

"हे पाह्य. हिरवा म्हंजे आपण खरे जथी हावो तथी. लाल म्हंजे टावरले वाटते आपण जथी हावो तथी. कुठी हायेत दोघंबी?"

"हे काय, जवळ जवळ. हे आपला नाला दिसते."

"बरोब्बर. आता चढ."

"येडा झाला का बे? ह्या वयात?"

"मी खालून टेकू देतो. चढ."

बुढी चढली. शिव्या देत, बांबूले धरत, लुगडं सावरत चढली. मागून धम्मा, चारी फोन पुन्हा पिशवीत टाकून, पिशवी गळ्यात अडकवून. वरून सारं दिसे. खालचा नाला, लांब जानेफळकडची झाडं, अन् दुसऱ्या अंगाले, पऱ्हाटीच्याबी पलीकडं, एक निळसर टेकडी. टेकडीवर काडीएवढं टावर.

"ते अमडापूरकडचं," धम्मा म्हणाला. "खाली आपण खड्ड्यात हावो, तं फोन जानेफळचं टावर पकडते, कसंबसं. वर आलं का जानेफळवालं झाडाच्या आड जाते, अन् ते टेकडीवरचं सीदं डोळ्यासमोर. फोनले काय, जथून आवाज मोठा तथी जाते. आता पाह्य."

त्यायनं पाह्यलं. चार फोनचे चार लाल ठिपके एकमेकावर होते, त्यातला एक थोडा थरथरला. मंग नाल्यावरून उडाला अन् नकाशावर लांब, अमडापूरच्या फाट्याजवळ जाऊन बसला. दुसरा गेला. मंग तिसरा. मंग चौथा. चारी एका जागी. हिरवा इकडं एकटाच उरला.

"वयनीनं काही नाही म्हटलं, माय. गाडीच्या डायवरले भेटलो मी. तिनं गावाचं नावच नाही घेतलं, त्याच्या आंधीच कट झाला. ते मचानावर चढली, येवढंच. तू चढली असती तं तूबी अमडापूरच झाली असती. मी चढलो असतो तं मीबी. साऱ्या गावानं त्याच्यावर चढून फोन केले, पण गाडी कोणी बलावली नव्हती, म्हणून कोणाले समजलं नाही. खालून लावला असता, त्या एका कांडीवर, तं लागला तरी जानेफळ झालं असतं."

खाली मयुरी ते सारं आयकत होती. मंग पऱ्हाटीत तशीच बसली, अन् तिच्या तोंडातून तो फोन बाहेर आला, साराच्या सारा, मोठ्यानं. "हॅलो. माया मालकाले फवाऱ्याची बाधा झाली. लवकर या. तोंडाले फेस आला. आमी वावरात हावो, नाल्याजवळ, गाव..." अन् थांबली. "इथीच कट झाला, आत्याबाई. इथीच. मी गाव म्हटलं अन् कट झाला. नाव नाही घेतलं मी." संघीनं तिच्या गालावर हात ठिवला. ती रडून राह्यली का हासून राह्यली, ते वरून समजत नव्हतं.

बुढीनं खाली वाकून पाह्यलं. मंग वरूनच म्हणाली, "मयुरी, तुया भाऊ आला का त्याले जेवू घाल, अन् पाठवून दे. गाठोडं सोड. पोरगी तुयापाशीच राहीन."

मंग ते पुन्हा त्या मोबाईलकडं पाहाले लागली. धम्माले वाटलं, झालं. आता उतराव. पण मायनं त्याचा हात धरला.

"हे लाल, हे कोणाचं म्हटलं तुनं?"

"आपलं. टावरले वाटते आपण तथी हावो."

"म्हंजे या टायमाले आपण तथी उभे हावो? फाट्यावर?"

"टावरले वाटते, माय. खरं नाही."

"अन् तवा सुगतचा फोन इथी होता. वाजत होता."

"हाव."

"म्हंजे तो तथी होता."

"फोन इथी होता, तो खाली होता, वयनीच्या मांडीवर. काय बोलून राह्यली तू?"

"गाडीवाल्याले कोणी दिसलं का तथी?"

धम्मानं गळ्यातली पिशवी सावरली. त्यानं हे घरात कोणालेच सांगतलं नव्हतं. खोटं बोलाची त्याले सवय होती, लय होती, पण त्या वक्ताले एकबी खोटं तोंडात आलं नाही. अन् मायनं त्याच्या तोंडाकडं पाह्यलं, तं तिले सारं समजलं. येवढे दिवस तिच्यापाशी धराले मयुरीचा गुन्हा होता. तो आता सुटला होता, अन् तिचे हात रिकामे झाले होते.

"कसा दिसला?"

"माय, सोड न."

"कसा दिसला म्हणते मी!"

"पाठीवर पंप होता, म्हणे. हात दाखवत होता."

बुढी रडली नाही. तिनं टेकडीकडं पाह्यलं. "मंग आपण त्याले तथीच सोडून आलो रे. जानेफळले नेलं, घरी आणलं, माती देल्ली, पण तो तथी गाडीची वाट पाहून राह्यला. गाडी आली अन् त्याले न घेताच गेली." तिचा आवाज एकदम साधा होता, जसं पोरगं बजारातून याचं राह्यलं. "सासुरवाडीच्या फाट्यावर उभा राह्यला बाप्पा माया, अन् कोणी घराले नाही नेलं. जा धम्मा. घेऊन ये त्याले."

"कोणाले घेऊन येऊ? कोणी नाही तथी! मी जाऊन आलो न! टावरची गडबड हाय ते, निस्ती टावरची गडबड!" तो इतका ओरडला का पऱ्हाटीतून चिमण्या उडाल्या. मंग त्यानं मायच्या हातातला मोबाईल अन् पिशवी घेतली अन् सरसर खाली उतरला. मायले दाखवाचं होतं त्याले, का खाली आलं का ठिपके कसे घरी येते.

बुडी उभा राह्यला. एक लाल ठिपका वापस आला, नाल्यावर. दुसरा आला. तिसरा जरा वेळानं आला. चौथा आला नाही.

"होते असं कधी कधी," तो स्वतःशीच म्हणाला. "एखादा फोन जुनं टावर धरून बसते." त्यानं तो फोन काढला, बंद केला, पुन्हा चालू केला. फोननं एक कांडी दाखवली. ठिपका फाट्यावरच होता. त्यानं सिम काढून घातलं. फाट्यावरच. मंग तो फोन त्यानं पार बंद करून टाकला, बॅटरी काढून मातीत ठिवली, अन् नकाशाकडं पाह्यलं.

ठिपका तथीच होता. हालतबी नव्हता. एका जागी उभा.

मयुरी जवळ आली. तिनंबी पाह्यलं. अन् संघीचं तोंड आपल्या खांद्यावर दाबून धरलं, जसं पोरीनं पाहू नये. मचानावरून माय म्हणाली, "काय झालं रे?"

धम्मानं बॅटरी तशीच मातीत राहू देल्ली. गाडीले किक मारली. पहिल्या किकीतच चालू झाली.

"वयनी, मायले हळू उतरवजो," तो म्हणाला. "अन् सुगतभाऊले मांगं बसाले उशी देशीन का मले एखादी, दुपट्टा तरी दे. नोको, राहू दे, उशीर होते. मले निंघा लागते आता."